सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ: गेमची की कोणी विकली?

बी-२०३ वहिनी: सुप्रभात. विषय छोटा वाटेल, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये मुलांना गेमच्या की (गेम चालू करायचे कोड) विकल्या जातायत का? आमच्या चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांतून १५० रुपये दिले आणि कागदावर पंधरा अक्षरं लिहून आणली. कॉम्प्युटरवर टाकली तर "ही की दुसऱ्या अकाउंटवर आधीच वापरलेली आहे" असं आलं. रात्री जेवला नाही तो. कोणी विकली ते मला माहीत आहे. नाव घेत नाही.

ए-१०४ अप्पा: ⚠️ सावधान ⚠️ फुकट काहीही मिळत नसते. अनोळखी लिंक उघडू नये. ओटीपी कोणासही देऊ नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर फोन करावा. जनहितार्थ.

बी-२०३ वहिनी: अप्पा, लिंक नव्हती. फुकटही नव्हतं. कागद होता.

सी-१०२ नाना: कागदावरचा फ्रॉड म्हणजे अप्पांच्या बँकेतल्या जमान्यातला दिसतोय 😄

ए-१०४ अप्पा: नाना, माझ्या सर्व्हिसमध्ये माझ्या काउंटरवर एक पैशाचा फरक आला नाही.

सेक्रेटरी ए-२०१: सर्वांना विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. गेटसमोरची पांढरी ॲक्टिव्हा कोणाची आहे? टँकर बाहेर उभा आहे.

बी-२०३ वहिनी: सोसायटीतल्या मुलाने सोसायटीतल्या मुलाला फसवलं, हा सोसायटीचा विषय नाही का?

सी-२०४ काका: "नाव घेत नाही" म्हणायचं आणि सगळ्यांना बरोबर कळेल असं लिहायचं, हे बरं नव्हे वहिनी. मुलांची आपापसातली देवाणघेवाण आहे. आपण काय गोट्या विकल्या नाहीत? आणि या की आणतं कोण, ते आधी विचारा. सी-४०२ मधून येतात. मूळ तिथे आहे.

ए-३०२ भाई: सोहमभाई की आपे छे? अमारा छोकरानेय एक आपजो ने 🙏

सी-३०३ ताई: आमच्याकडेही, जमल्यास.

बी-४०१: +१

बी-२०३ वहिनी: इथे माझं काय चाललंय आणि तुमचं काय चाललंय!

सोहम सी-४०२: नमस्कार ताई. आत्ता पाहिलं, रात्रपाळी होती. ती की मीच दिलेली आहे, पण एक रुपयाही न घेता. सी-२०४ च्या मुलाने तो गेम खेळायचा आहे म्हणून मागितली होती आणि त्याने ती लावलीही होती. मग तोच कोड कागदावर उतरवून तुमच्या मुलाला दिला असणार. की एकदाच चालते. एका अकाउंटवर लागली की संपली, नंतर तीच पंधरा अक्षरं कोणीही टाकली तरी काही होत नाही. तुमच्या मुलाने काहीही चुकीचं केलेलं नाही, त्याला रागावू नका.

सी-२०४ काका: "असणार" म्हणजे? पुरावा आहे का?

सोहम सी-४०२: काका, स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवर गेम घेण्या-खेळण्याचं ॲप. ते उघडलं की त्याच्या लायब्ररीत तो गेम दिसेल. तुम्हीच बघा, मला दाखवायची गरज नाही.

सी-२०४ काका: *हा मेसेज डिलीट केला आहे*

सी-१०२ नाना: वाचला मी 👀

ए-१०४ अप्पा: ऑनलाइन गेमिंगवर केंद्र सरकारने २०२५ साली बंदी घातलेली आहे. याची सर्वांनी नोंद घ्यावी. असे व्यवहार सोसायटीच्या आवारात होऊ देणे धोक्याचे आहे.

बी-३०३ वकील वहिनी: अप्पा, थोडी दुरुस्ती. ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो, म्हणजे पैसे भरा आणि जिंकलात तर पैसे मिळतील, तसल्या. ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे गेम त्या बंदीत नाहीत. एकदा विकत घेऊन घरी खेळायचा गेम तर नाहीच नाही.

ए-१०४ अप्पा: तरी पण सावधगिरी बाळगावी.

बी-३०३ वकील वहिनी: ती हवीच.

सेक्रेटरी ए-२०१: पांढरी ॲक्टिव्हा!! टँकरवाला निघून जाईल म्हणतोय.

बी-२०३ वहिनी: सोहम, तुझ्याबद्दल तक्रार नव्हती. पण मला एक कळत नाही. तू हे फुकट का वाटतोस? पैसे मोजूनच घेतोस ना?

सोहम सी-४०२: सांगतो ताई, थोडं लांबेल.

मी गेम सुटे कमी घेतो, गठ्ठ्याने घेतो. हम्बल बंडल नावाची साइट २०१० पासून तसे विकते. एका किमतीत सात-आठ गेम, त्या पैशांतला काही भाग धर्मादाय संस्थांना. मला त्यातले दोनच हवे असतात आणि एखाददुसरा आधीपासून माझ्याकडे असतो. स्टीमवर एका अकाउंटला एक गेम एकदाच लागतो, म्हणून ती जास्तीची की माझ्या काही उपयोगाची नाही. काही की ठरावीक तारखेच्या आत लावल्या नाहीत तर बाद होतात. कोणाच्या तरी आवडीचा गेम माझ्या ईमेलमध्ये पडून वाया जावा, हे मला सहन होत नाही. ज्यांनी तो दोन-तीन वर्षं खपून बनवला, त्यांनी तो खेळला जावा म्हणूनच बनवला ना?

ऑनलाइन आमचा खेळणाऱ्यांचा एक मोठा गट आहे. तिथे सगळे आपल्या जास्तीच्या की अशाच देतात. मी कॉलेजात असताना माझ्याकडे गेम घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा मला तिथूनच मिळाल्या. देणाऱ्यांचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही.

सी-२०४ काका: मग विकल्या तर काय बिघडलं? कंपनीला एकदा पैसे मिळालेच आहेत. मी जुना फ्रिज विकतो तसं.

सोहम सी-४०२: काका, दोन गोष्टी. हम्बलच्या अटींतच आहे की या की पुन्हा विकायच्या नाहीत. स्वतःसाठी घ्या किंवा भेट द्या. दुसरं म्हणजे विकायचा बाजार सुरू झाला की त्यात चोरीचा माल शिरतो. चोरलेल्या कार्डाने कोणीतरी शंभर की घेतो आणि स्वस्तात विकून टाकतो. कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, बँक गेम बनवणाऱ्याकडून पैसे परत घेते. म्हणजे गेमही गेला आणि पैसेही गेले. फॅक्टोरिओ नावाचा गेम प्रागच्या एका स्टुडिओने बनवलाय. त्यांच्या अशा १९८ की जीटूए या साइटवर विकल्या गेल्याचं २०२० मध्ये खुद्द त्या साइटने मान्य केलं आणि ३९,६०० डॉलर भरून दिले. १९८ च की! 

बी-३०३ वकील वहिनी: अगदी बरोबर. बँक असे पैसे परत घेते त्याला चार्जबॅक म्हणतात.

ए-१०४ अप्पा: चार्जबॅक हा विषय मी सविस्तर समजावू शकतो. इच्छुकांनी संध्याकाळी बाकावर यावे.

सी-१०२ नाना: सेव-उसळ असेल तर येतो.

सी-२०४ काका: म्हणजे माझा मुलगा चोर झाला का आता? १५० रुपयांसाठी प्रागपर्यंत गेलात. २०२४ च्या पुरात बेसमेंटमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं, तेव्हा पंप माझ्या ओळखीने आला होता. तेव्हा कोणी हिशोब विचारला नाही.

बी-२०३ वहिनी: पंपाचं भाडं प्रत्येक फ्लॅटने दिलंय काका. पावती आहे माझ्याकडे. आणि कोजागिरीच्या दुधाचा हिशोब अजून आलेला नाही, तो कोणाकडे होता तेही सर्वांना माहीत आहे.

सी-२०४ काका: बघा. शेवटी आलंच ते.

सेक्रेटरी ए-२०१: कोजागिरीचा हिशोब नोटिस बोर्डवर लावला होता. कृपया.

बी-४०१: नोटिस बोर्डची काच फुटल्यापासून तिथे काही दिसतच नाही.

ए-१०४ अप्पा: ⚠️ सावधान ⚠️ फुकट काहीही मिळत नसते. अनोळखी लिंक उघडू नये. ओटीपी कोणासही देऊ नये...

सोहम सी-४०२: अप्पा, तुमच्या मेसेजमधली लिंकची गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे, ती पालकांनी लक्षात ठेवावी. खरी की म्हणजे फक्त अक्षरं-आकडे, बहुतेक वेळा पाच-पाचचे तीन गट. ती स्टीमच्या आतच टाकायची असते, वरच्या मेनूत सोय आहे. की घ्यायला कोणाला पासवर्ड द्यावा लागत नाही, लिंकवर जाऊन लॉगिन करावं लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "फ्री गेम घे, इथे लॉगिन कर" असं कोणी म्हटलं तर ते पान नकली समजायचं, मग ते कितीही खरं दिसो. अकाउंट चोरायची तीच जुनी पद्धत आहे. प्रत्येकाने स्टीम गार्ड चालू करा, म्हणजे पासवर्ड फुटला तरी फोनवरच्या कोडशिवाय आत जाता येत नाही.

ए-१०४ अप्पा: धन्यवाद सोहम. हेच मी सकाळपासून सांगतो आहे.

सी-३०३ ताई: मग तू या ग्रुपवरच टाकत जा ना की. ज्याला मिळेल त्याला मिळेल.

सोहम सी-४०२: तेच मला करायचं नाही ताई. उघड्यावर टाकलेली की पहिल्या मिनिटाला जातो तो नेतो, आणि जागा असतो त्यालाच मिळते. ऑनलाइन तर माणसाच्या आधी बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, उचलतात, म्हणून लोक एक अक्षर झाकतात आणि त्या जागी कोडं घालतात. आणि नेणाऱ्याला तो गेम हवा असतोच असं नाही. फुकट दिसला म्हणून घेतला, एकदाही उघडला नाही, असं फार बघितलंय. त्याला मी देणं म्हणत नाही. ज्याला खेळायचाय त्याच्या हातात पडायला हवी.

माई बी-१०१: मी सकाळपासून वाचते आहे. टाइप करायला वेळ लागतो मला. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपाल साहेबांना आणून बडोदा संस्थानात ग्रंथालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. पण पेटी रस्त्यावर उघडून ठेवत नव्हते. पुस्तक नोंद करून, मागणाऱ्याला देत. सोहम तेच म्हणतोय. फुकट होतं, पण बेवारस नव्हतं.

बी-३०३ वकील वहिनी: 🙏🙏

सी-१०२ नाना: माई, तुमच्या काउंटरवरून मी नेलेलं एक पुस्तक अजून घरी आहे बहुतेक.

माई बी-१०१: माहीत आहे. दंड लावू का?

ए-३०२ भाई: 😂😂

सी-२०४ काका: मुलाशी बोललो. गेम त्याच्याकडे लागलेला आहे. बी-२०३ ला १५० रुपये यूपीआय केले आहेत. विषय संपवावा ही विनंती.

बी-२०३ वहिनी: मिळाले. धन्यवाद काका. मुलांना एकमेकांशी खेळू द्या, माझी काही हरकत नाही.

सी-२०४ काका: आमचीही नाही. आणि दुधाचा हिशोब रात्री टाकतो.

सेक्रेटरी ए-२०१: ॲक्टिव्हा निघाली. टँकर आत आला. १२ वाजेपर्यंत पाणी येईल.

सोहम सी-४०२: काका, त्याला माझ्याकडून की मिळणं बंद होणार नाही. त्याला सांगा, गेम खेळून झाला की कसा वाटला ते येऊन सांग.

आता ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी. माझ्याकडे तीन की आहेत. एक कोड्यांचा गेम, एक शेती-गावाचा, एक मारामारीचा. तिसरा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, तो मुलांच्या नावावर देणार नाही, कोणी मागू नये. बाकी दोन्हींसाठी पालकांनी मला वैयक्तिक मेसेज करा: मुलाचं वय, कोणता गेम, तो आधीपासून त्याच्याकडे आहे का. मागणारे जास्त झाले तर माई चिठ्ठी उचलतील. माई, चालेल ना?

माई बी-१०१: चालेल. चष्मा शोधून ठेवते.

बी-२०३ वहिनी: आमचा बारा वर्षांचा आहे.

सोहम सी-४०२: ताई, स्टीमचं अकाउंट काढायला १३ पूर्ण लागतात. त्याने कोणाच्या नावाने काढलंय?

बी-२०३ वहिनी: ...बहुतेक आमच्या ह्यांच्या.

बी-२०३ वहिनी: ह्यांना हे माहीत नाही.

सोहम सी-४०२: मग ते त्यांनीच आपल्या हातात घेऊ दे. पासवर्ड बदला, त्यांच्या फोनवर स्टीम गार्ड लावा. तेराचा झाला की स्वतःचं अकाउंट काढेल. २०२४ पासून स्टीम फॅमिलीज आहे, घरातले सहाजण एकमेकांचे बरेचसे गेम खेळू शकतात. मुलाने कोणते खेळायचे आणि किती वेळ, ते पालकाला ठरवता येतं.

सी-३०३ ताई: वेळ ठरवता येतो?? हे आधी सांगायचं होतंस!

बी-४०१: आमच्याकडे वेळ बायकोला माझ्यासाठी ठरवावा लागेल.

ए-३०२ भाई: सोहमभाई, मैने मेसेज किया है. छोकरो १५ का है.

सोहम सी-४०२: मिळाला भाई, लिहून ठेवलं.

बी-२०३ वहिनी: कॉम्प्युटर जुना आहे रे आमचा. तुझा तो गेम चालेल का त्यावर?

सोहम सी-४०२: कोड्यांचा हलका आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. विंडोज कोणतं आणि रॅम किती ते बघून सांगा. आणि चिठ्ठीत त्याचं नाव निघालं नाही तरी येऊन एपिकचं, म्हणजे स्टीमसारख्याच दुसऱ्या गेमच्या दुकानाचं, अकाउंट ह्यांच्या नावाने काढून देतो. तिथे २०१८ पासून ठरावीक गेम फुकट देतात. त्याला की लागत नाही, मुदतीत अकाउंटला जोडला की कायमचा राहतो.

बी-२०३ वहिनी: संध्याकाळी सहानंतर ये. रॅमचं तूच बघ, मला ते कुठे लिहिलेलं असतं ते माहीत नाही.