‘टेल ऑफ’ म्हणजे नेमके कोणाला आणि कसे रागावणे?

प्रश्न: एका इंग्रजी उताऱ्यात ‘द टीचर टोल्ड हिम ऑफ फॉर टॉकिंग’ असे वाक्य आले. अर्थ लागला, परंतु ‘टोल्ड ऑफ हिम’ असे का लिहीत नाहीत, आणि कार्यालयीन पत्रात हा प्रयोग चालेल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: सर्वनाम नेहमी दोन शब्दांच्या मध्येच येते, नाम मात्र मध्ये किंवा शेवटी कोठेही चालते, म्हणून ‘टोल्ड द बॉय ऑफ’ आणि ‘टोल्ड ऑफ द बॉय’ ही दोन्ही रूपे शुद्ध ठरतात. पत्रात ‘रेप्रिमांड’ (ताकीद देणे) लिहावे, कारण ‘टेल ऑफ’ हा प्रयोग बोलण्यातला आहे.

उत्तर २: ब्रिटिश वापरात बहुधा शिक्षक किंवा वडीलधारे माणूस मुलाची कानउघाडणी करते, त्यामुळे ‘आय गॉट टोल्ड ऑफ’ म्हणजे ‘मला बोलणी बसली’, अमेरिकेत मात्र बरोबरीच्या माणसाला, प्रसंगी वरिष्ठालाही, खडे बोल सुनावणे ही छटा अधिक आढळते. जुन्या लष्करी लेखनात ‘टोल्ड ऑफ फॉर गार्ड ड्यूटी’ दिसले, तर तेथे कोणी कोणाला रागावलेले नसते; शिपाई मोजून वेगळे काढून पहाऱ्यावर नेमलेले असतात, कारण ‘टेल’चा एक जुना अर्थ मोजणे असा आहे आणि बँकेतला ‘टेलर’ही (रोखपाल) त्यातूनच आला.

उत्तर ३: ‘टिक ऑफ’ या अशाच प्रयोगाबाबत अधिक सावध राहावे. लंडनमध्ये ‘ही टिक्ड मी ऑफ’ म्हणजे त्याने मला झापले. न्यूयॉर्कमध्ये त्याच वाक्याचा अर्थ, त्याच्यामुळे माझे डोके फिरले.