शब्दचर्चा: तापदर्शक की तापमापक?

प्रश्न: गॅलिलिओच्या नळीला कुणी तापमापक म्हणतं, कुणी तापदर्शक. दोन्ही चालतील का?

उत्तर: नाही, इथे तापदर्शकच हवं. काचेचा फुगा हाताने गरम करून नळीचं उघडं टोक पाण्यात उलटं बुडवायचं. फुग्यातली हवा गार होऊन आकसली की पाणी नळीत वर चढतं. म्हणजे गारव्याला पातळी वर, उष्म्याला खाली. पण भांड्यातलं पाणी उघडं असल्यामुळे बाहेरचा हवेचा दाब कमी झाला तरी पातळी उतरते. वादळाआधी दाब घसरला की तापमान तेच असूनही नळी उष्मा वाढल्याचं दाखवते.

प्रश्न: सांतोरिओने १६१२च्या सुमारास तिला अंशांची पट्टी जोडली. मग तरी ती मापक झाली ना?

उत्तर: आकडे मिळाले, पण त्यांत दाबाची भेसळ राहिलीच. मापक हा शब्द मी फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या फर्डिनांदोपासून वापरेन. १६५४च्या सुमारास त्याने नळीत मद्यार्क भरून तोंड वितळवून बंद करवलं आणि दाबाचा प्रश्न मिटला. तरीही दोन तापमापकांचे अंश जुळायला ठरलेले बिंदू हवेत. ते काम फॅरनहाइटने १७२४मध्ये आणि सेल्सिअसने १७४२मध्ये केलं. सेल्सिअसच्या मूळ पट्टीवर उकळणारं पाणी ० आणि गोठणारं १०० होतं, पट्टी नंतर उलटवली गेली.

भर: दर्शक हा शब्द वेधशाळेत आणखी एका वस्तूला लागतो: किमान तापमापकातली काचेची बारीक कांडी. 'पारा उतरला' आपण सर्रास म्हणतो, पण या नळीत पारा नसून मद्यार्क असतो. तापमान उतरताना मद्यार्काचा पृष्ठभाग कांडीला फुग्याकडे ओढत नेतो. तापमान वाढलं की मद्यार्क तिच्या बाजूने पुढे सरकतो, कांडी जागीच राहते. म्हणून वाचन फुग्यापासून लांबच्या टोकाशी घ्यायचं. नंतर फुगा वर येईल अशी नळी तिरपी केली की कांडी पुन्हा पृष्ठभागाला टेकते. नळी आडवीच ठेवावी लागते, उभी राहिली तर कांडी घसरून नोंद वाया जाते. थोडा मद्यार्क वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला साचला, तर तेवढा स्तंभ आखूड होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. थंडीचे विक्रम तपासताना हा दोष आधी पाहावा.

प्रश्न: कमाल तापमापकातही अशीच कांडी असते का?

उत्तर: नेहमीच्या प्रकारात नसते. त्यात पारा असतो आणि फुग्याजवळ नळी चिमटलेली असते. तापताना पारा तिथून जोराने पुढे जातो, गार होताना धागा तिथेच तुटतो. वाचन झालं की झटका देऊन तो परत खाली आणायचा.