मदत हवी आहे : लाकडावरचा तांब्याचा बंब दगडी कोळशावर चालवता येईल का?

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यात तापीकाठच्या गावात राहतो. घरात ७ माणसे असून सर्वांच्या आंघोळीचे पाणी मागच्या पडवीतल्या तांब्याच्या बंबावर तापते. बंब जुन्या घडणीचा आहे. मधोमध धुराचे नळकांडे, त्याच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा, वर सैल झाकण, बाजूला पितळी तोटी. त्यात सुमारे ४० लिटर पाणी मावते. पाणी काढले की तेवढे थंड पाणी वरून ओतायचे, या पद्धतीने सगळ्यांच्या आंघोळी होतात. पेटवण्याचे काम माझ्याकडे असते.

अडचण जळणाची आहे. आजवर कपाशीच्या काड्या आणि बांधावरच्या बाभळीचे लाकूड यांवर भागत होते. परंतु काड्यांना राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत टिकून राहते, म्हणून काड्या घराजवळ किंवा बांधावर रचून ठेवू नयेत, असे कृषी विभाग सांगतो आणि ते आम्हांला पूर्ण पटलेले आहे. आता आम्ही काड्यांचा ट्रॅक्टरच्या यंत्राने भुगा करून तो जमिनीतच मिसळतो. आंघोळीच्या पाण्यासाठी हा चांगला पायंडा मोडायचा नाही. बाभळी मोजक्याच उरल्या आहेत, केळीचे खांब पाण्याने भरलेले असल्यामुळे जळणाच्या कामाचे नाहीत, आणि सातपुड्याच्या जंगलातून तोडून आणलेले लाकूड विकत घ्यायचे नाही, हे घरात ठरलेले आहे. सौर बंबाचा विचार केला होता, पण घर धाब्याचे आहे आणि मातीच्या छतावर टाकीचा भार देण्याची आमची तयारी नाही.

गावालगतच्या वीटभट्टीवर दगडी कोळसा येतो आणि भट्टीचे मालक त्यातला थोडा आम्हांला द्यायला तयार आहेत. मी लाकडाच्या जाळावर त्याचे काही खडे टाकून पाहिले. खाली लाकूड जळत होते तोवर खडे लाल झाले, पिवळसर दाट धूर निघाला, आणि लाकूड संपताच कोळसा अर्धवट जळून काळा पडला. जाळीची भोकेही राखेने बुजली. यावरून जाळीत आणि हवेच्या वाटेत बदल करावा लागेल, असे वाटते. परंतु नेमका कोणता? कोळशाच्या धगीने तांबे खराब होईल का? पडवी तिन्ही बाजूंनी बंद असून न्हाणीघर तिला लागूनच आहे, तेथे कोळसा जाळणे सुरक्षित आहे का? फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका ओळखीच्यांनी असेही सुचवले की बंबाला बूड कापून लोखंडी भट्टी जोडावी आणि झाकण पक्के बसवून पाणी नळाने थेट न्हाणीघरात न्यावे. सासूबाईंचा बंब कापायला माझे मन घेत नाही, पण योग्य उपाय तोच असेल तर विचार करू. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद :

ताई, मी बॉयलरवर नोकरी केलेली असल्यामुळे सर्वांत आधी झाकणाविषयी लिहितो, कारण बाकी सर्व चुका दुरुस्त करता येतात, ही येत नाही. तुमचा बंब उघडे भांडे आहे. पाणी उकळले तरी वाफ सैल झाकणाखालून निघून जाते आणि आत दाब साठत नाही. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. पक्के झाकण बसवले आणि नळाची तोटी बंद राहिली, तर तांब्याचा पातळ पत्रा तो दाब सोसू शकणार नाही. कोळशाचा निर्णय काहीही होवो, झाकण सैलच ठेवा.

आता कोळसा का विझला ते पाहू. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो आणि जळणाच्या वर ज्वाळा होऊन जळतो. म्हणून लाकडाला वरून हवा मिळाली तरी चालते, ते राखेच्या थरावरही जळते, आणि त्याची लांब ज्वाळा नळकांड्यात चढून पाणी तापवते. दगडी कोळशात जागेवरच जळणाऱ्या कार्बनचे प्रमाण पुष्कळ जास्त असते. त्याला हवा खालून, जाळीतून आणि निखाऱ्यांच्या थरातूनच मिळावी लागते. त्यासाठी बिडाची जाड जाळी, तिच्या पट्ट्यांत साधारण १० ते १२ मिलिमीटरची फट, खाली राखेचा मोकळा कप्पा, त्या कप्प्याला हवा कमी-जास्त करणारे दार, आणि जाळीवर ४ ते ६ इंच निखाऱ्यांचा थर राहील एवढी जागा लागते. लोखंडी सळ्यांची साधी जाळी त्या धगीने लवकर वाकते. खडे सुपारीपेक्षा मोठे, शक्यतो सारख्या आकाराचे असावेत. भट्टीवर बहुधा चुरीच जास्त असते आणि चुरी हवेची वाट बंद करते. नवा कोळसा टाकताना निखारे एका बाजूला सारून काही भाग उघडा ठेवावा, म्हणजे निघणारा वायू पेट घेतो. तुम्हांला दिसलेला पिवळसर धूर हा न जळलेला वायूच होता.

हे सर्व करता येते. तरीही तुमच्या गरजेसाठी मी ते करणार नाही, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यासाठी २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. बंबात जळणाच्या उष्णतेचा चौथा हिस्सा पाण्याला मिळतो असे धरले, तर १०,००० किलोकॅलरींचे जळण हवे. वाळलेले लाकूड किलोला सुमारे ३,५०० देते, म्हणजे ते ३ किलोच्या आसपास लागेल. आपल्याकडचा जी-१० प्रतीचा कोळसा ४,३०० ते ४,६०० देतो, म्हणजे तो सव्वादोन किलो लागेल. बचत एवढीच, आणि राखेचे काय? लाकडाची राख शेकडा एकदोन टक्के असते, तर भारतीय कोळशाची साधारण ३० ते ४५ टक्के. रोज पाऊण किलोच्या आसपास राख आणि खंगर (वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे) काढावे लागतील, आणि ती राख लाकडाच्या राखेसारखी भांड्यांना किंवा शेतात वापरण्याजोगी नसते. शिवाय कोळशाचा थर नीट पेटायला बराच वेळ लागतो आणि शेवटची आंघोळ उरकल्यावरही तो तासन्‌तास धगधगत राहतो. अखंड चालणाऱ्या भट्टीला हा गुण आहे, सकाळच्या दीड-दोन तासांच्या कामाला तो दोषच आहे.

तांब्याविषयी सांगायचे तर आत पाणी असेपर्यंत पत्रा वितळत नाही. पाणी नळकांड्याच्या सांध्याखाली उतरले आणि सांधा कथलाने झाळलेला असला, तर मात्र तो सुटेल, कारण कथील २३२ अंशांनाच वितळते. कोळशातल्या गंधकाची काजळी ओल धरते आणि तांबे खाते, म्हणून नळकांडे वरचेवर खरवडावे लागते.

सर्वांत मोठी काळजी कार्बन मोनॉक्साइडची आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. ज्वाळा न दिसता नुसता लाल निखारा असतो आणि हवा अपुरी पडते, तेव्हा तो सर्वाधिक तयार होतो. तिन्ही बाजूंनी बंद पडवी आणि तिला लागून न्हाणीघर, ही रचना मला मान्य नाही. थंडीत पारा १० अंशांखाली गेला की उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत नेण्याची सवय आपल्या भागात आहे, तीही कृपा करून टाळा. बंब उघड्या अंगणात हलवा आणि धुराडे पडवीच्या छपरापेक्षा उंच न्या. लाकूड जाळतानाही हे हवेच.

माझा सल्ला असा की बंबाला हात न लावता जळण बदलावे. शेतातल्या भुशाचे, शेंगांच्या टरफलांचे, कापसाच्या काड्यांच्या भुग्याचे दाबून केलेले ठोकळे मिळतात, त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. ते लाकडासारखेच ज्वाळेने जळतात, त्यामुळे तुमची आहे ती जाळी चालेल. अख्ख्या काड्या घराजवळ रचण्याचा प्रश्नही त्यात येत नाही.

प्रतिसाद :

काका, मनापासून आभार. बंब कापायचा नाही आणि झाकण सैल ठेवायचे, हे पक्के झाले. बंब अंगणात हलवण्यासाठी ओटा बांधून घेत आहोत. आता एवढेच विचारायचे आहे की जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात पांढरा कोळसा कारखान्यांना गाडीच्या हिशेबाने जातो असे ऐकते, तर घरापुरती ८-१० पोती घेणारे येथे कोणी आहेत का? आणि ओल लागली की त्याचा पुन्हा भुगा होतो, तर पावसाळाभर तो तुम्ही कसा साठवता?