वेल्सच्या विधिमंडळाला पोलीस आणि न्याय हे विषय द्यावेत का?

कर्वेनगरकर

राज्यघटनेचा अभ्यास करणारा आमचा एक छोटा गट पुण्यात दर महिन्याला भरतो. पुढच्या बैठकीत भारताबाहेरचे एक उदाहरण मांडण्याचे काम माझ्याकडे आले असून मी वेल्स निवडले आहे. १९९७ च्या सार्वमतात अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने तिथल्या लोकांनी स्वतःच्या विधिमंडळाला होकार दिला. १९९९ मध्ये ते भरले तेव्हा लंडनच्या संसदेने केलेल्या कायद्यांखालचे नियम ठरवणे एवढेच त्याच्या हाती होते. मार्च २०११ च्या सार्वमतात वीस विषयांवर थेट कायदे करण्याच्या बाजूने ६३.५ टक्के मते पडली, आणि एप्रिल २०१८ पासून तर रचनाच उलटी झाली: लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेले विषय वगळता बाकी सर्व विषयांवर हे विधिमंडळ, म्हणजे आजचे सेनेड, कायदा करू शकते.

राखीव विषयांत पोलीस, तुरुंग, न्यायालये आणि फौजदारी कायदा येतात. वेल्स सरकारने नेमलेल्या लॉर्ड थॉमस आयोगाने हे विषय कार्डिफकडे, म्हणजे वेल्सच्या राजधानीकडे, सोपवावेत अशी एकमुखी शिफारस २०१९ मध्ये केली. मला ती पटते. परंतु गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की वेल्सची लोकसंख्या जेमतेम ३१ लाख, आपल्या पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच ९४ लाख. एवढ्याशा प्रदेशाला वेगळी न्यायव्यवस्था कशाला? अधिकार वाढवावेत की नाही, हे नेमके कोणत्या कसोटीवर ठरवावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

मसुदाकार

लोकसंख्येची कसोटी बाजूला ठेवा, कारण सुमारे १९ लाख वस्तीच्या उत्तर आयर्लंडकडे पोलीस आणि न्याय हे विषय एप्रिल २०१० मध्येच गेले आहेत. विधेयकांच्या मसुद्यांवर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे मला २००७ ते २०११ हा काळ अधिक बोलका वाटतो. २००६ च्या कायद्याने वेल्सला कायदे करण्याचा अधिकार दिला खरा, पण प्रत्येक बाबीसाठी आधी लंडनची वेगळी अनुमती लागे. म्हणजे प्रथम अनुमतीच्या आदेशाचा मसुदा करायचा, तो कार्डिफच्या समितीने आणि लंडनच्या वेल्सविषयक समितीने तपासायचा, वेल्स खात्याच्या मंत्र्याने पुढे पाठवायचा, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचा, अखेर प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे राजसत्तेच्या सल्लागार मंडळात, त्यावर शिक्का बसायचा. आणि एवढे सोपस्कार झाल्यावर मूळ कायद्याचा पहिला शब्द लिहायला घ्यायचा.

वेल्श भाषेचेच पाहा. अनुमतीचा प्रस्ताव २००९ मध्ये गेला, आदेश २०१० मध्ये मिळाला आणि कायदा २०११ मध्ये झाला. शिवाय कोणकोणत्या संस्थांवर भाषेचे बंधन घालता येईल, याच्या मर्यादा त्या आदेशातच आखून दिलेल्या होत्या. याउलट महाराष्ट्राला १९६४ चा राजभाषा अधिनियम करताना किंवा २०२० मध्ये शाळांत मराठी सक्तीची करताना प्रत्येक वेळी दिल्लीकडून आधी विषय मागून घ्यावा लागला नाही.

अशा अर्ध्यामुर्ध्या अधिकाराचा दुसरा परिणाम म्हणजे सीमेवरचे वाद. शेतमजुरांचे वेतन ठरवणारे मंडळ लंडनने २०१३ मध्ये मोडीत काढले, तेव्हा वेल्सने स्वतःचा कायदा करून ती व्यवस्था आपल्याकडे राखली. हा विषय शेतीचा की रोजगाराचा, यावर प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये वेल्सच्या बाजूने निकाल लागला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या रुग्णांवरील उपचारांचा खर्च विमा कंपन्यांकडून वसूल करणारे विधेयक मात्र २०१५ मध्ये अधिकारक्षेत्राबाहेरचे ठरले. आपल्याकडेही मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यावर १९५१ मध्ये असाच वाद झाला होता आणि कायद्याचा गाभा केंद्राच्या की राज्याच्या विषयसूचीत मोडतो ते पाहावे, असे न्यायालयाने सांगितले होते. असे वाद पूर्ण टळत नाहीत, पण रेषा जितकी ठसठशीत तितके ते कमी होतात. म्हणून माझी कसोटी ही: एखाद्या विषयाचा निर्णय, त्याची अंमलबजावणी आणि त्याचा खर्च यांची जबाबदारी आज वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहे का? असेल, तर ती एकत्र आणणारा बदल योग्य.

सीमेवरचा

मला हे इतके सरळ वाटत नाही. आठव्या हेन्रीच्या काळातील कायद्यांपासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, इंग्लंड आणि वेल्स हे एकच न्यायक्षेत्र आहे. स्कॉटलंडचा स्वतंत्र कायदा १७०७ च्या एकीकरणानंतरही टिकून राहिला होता; त्याला फक्त विधिमंडळ नव्याने मिळाले. वेल्समध्ये अख्खी व्यवस्था नव्याने उभारावी लागेल. पूर्वेची सीमा रोज ओलांडून कामाला जाणारे लोक पुष्कळ आहेत आणि उत्तर वेल्सचा व्यवहार कार्डिफपेक्षा लिव्हरपूल-मँचेस्टरशी अधिक आहे.

दुसरे असे, की २०११ चा कौल भक्कम म्हणून सांगितला जातो, पण मतदान ३५.६ टक्केच झाले होते आणि सीमेवरच्या मनमथशरने तेव्हाही नकारच दिला होता. विधिमंडळाच्या २०२६ पर्यंतच्या ६० सदस्यांतून मंत्री आणि पीठासीन अधिकारी वजा केले, तर कायद्यांची कसून छाननी करायला माणसे उरत होती किती? २०२६ च्या निवडणुकीपासून सदस्यसंख्या ९६ करण्याचा कायदा २०२४ मध्ये याच कारणाने करावा लागला. आधी या मोठ्या सभागृहाचा अनुभव घ्यावा, मग फौजदारी कायद्यासारख्या, माणसाच्या स्वातंत्र्याला थेट हात घालणाऱ्या विषयाकडे वळावे, असे मला वाटते.

वकिली डायरी

वरील प्रतिसादात पोलीस, तुरुंग, न्यायालये आणि फौजदारी कायदा यांची एकच मोट बांधली आहे, ती सोडवली की प्रश्न बराच सोपा होतो. केंद्र आणि राज्ये यांच्यात विषय वाटून देणाऱ्या आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि तुरुंग राज्यसूचीत आहेत, तर फौजदारी कायदा समवर्ती, म्हणजे दोघांच्या सामाईक, सूचीत. १ जुलै २०२४ पासून शिवाजीनगरच्या न्यायालयात आणि पाटण्याच्या न्यायालयात भारतीय न्याय संहिता एकच चालते, पण पुण्याचा पोलीस दिल्लीला नव्हे, मुंबईला उत्तर देतो. तेव्हा कायदा सामाईक ठेवूनही पोलीस आणि तुरुंग वेल्सकडे देता येतात, आणि वेल्समध्ये आजही चार स्वतंत्र पोलीस दले असल्यामुळे तिथे नव्याने उभारण्यासारखे फारसे काही नाही.

तुरुंगांबद्दल तर जबाबदारी विखुरल्याचे उदाहरण डोळ्यांसमोरच आहे. वेल्समध्ये स्त्रियांसाठी एकही तुरुंग नाही. शिक्षा झालेल्या वेल्श स्त्रीला इंग्लंडमध्ये, बहुधा ग्लॉस्टरशरमधील ईस्टवुड पार्क किंवा चेशरमधील स्टायल येथे, ठेवतात. तिच्या मुलांची देखभाल, सुटकेनंतरचे घर, व्यसनमुक्तीचे उपचार हे सगळे वेल्सच्या अखत्यारीत. ती कुठे राहील हे मात्र लंडन ठरवणार. भेटीसाठी निघालेल्या घरच्या माणसांना दर वेळी सीमा ओलांडावी लागते आणि तिला घर मिळवून देणाऱ्या स्थानिक परिषदेचा तुरुंगाच्या प्रशासनावर कसलाही अधिकार चालत नाही. मसुदाकारांची कसोटी इथे पुरेपूर लागू पडते.

मात्र त्यांनी आपल्या व्यवस्थेचे चित्र जरा जास्तच लख्ख रंगवले आहे. समवर्ती विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची, तर राज्याला राष्ट्रपतींची संमती लागते. स्त्रिया आणि बालकांवरील गुन्ह्यांबाबतचे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, पण संमतीअभावी ते अमलात आले नाही. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या महाराष्ट्राच्या प्राणिरक्षण सुधारणा (गोवंश हत्याबंदीच्या) विधेयकाला तर २०१५ मध्ये संमती मिळाली. त्या विधेयकाबद्दल मत काहीही असो, मधली वीस वर्षे हा काही राज्यकारभार नव्हे.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. पोलीस आणि फौजदारी कायदा वेगळे काढण्याची सूचना मी नक्की मांडेन. एक शंका उरते: उद्या हे विषय वेल्सला मिळाले, तरी लंडन ते परत घेऊ शकणार नाही, याची हमी काय?

मसुदाकार

पक्की हमी नाही. आपल्या सातव्या अनुसूचीतील सूची बदलायच्या तर संसदेतील विशेष बहुमताखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घ्यावी लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण आणि वने राज्यांकडून समवर्ती सूचीत नेली, तीही याच वाटेने. त्या आणीबाणीच्या दिवसांत ती मान्यता किती मोकळ्या मनाने दिली गेली, हा प्रश्न वेगळा. वेल्सला एवढेही कवच नाही. २०१७ च्या कायद्याने सेनेड हा ब्रिटनच्या घटनात्मक व्यवस्थेचा कायमचा भाग असल्याचे आणि वेल्समधील लोकांनी सार्वमताने ठरवल्याखेरीज ते बरखास्त होणार नसल्याचे म्हटले आहे. त्याच्या विषयांवर लंडन त्याच्या संमतीविना सामान्यतः कायदा करणार नाही, हेही त्यात आहे. यातला ‘सामान्यतः’ हा शब्द न्यायालयात टिकणारा नाही, आणि २०२० चा अंतर्गत बाजारपेठेचा कायदा सेनेडने संमती नाकारूनही लंडनने केलाच. तरीही दिलेला विषय उघडपणे परत घेण्याची राजकीय किंमत मोठी असते. त्यामुळे बैठकीत मी तुमच्या जागी असतो, तर आधी तुरुंग आणि परिवीक्षा (गुन्हेगाराला तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवणे), मग पोलीस, आणि फौजदारी कायदा सर्वांत शेवटी, असा क्रम सुचवला असता आणि प्रत्येक विषयाबरोबर त्याचा पैसाही कार्डिफकडे जावा, ही अट त्याला जोडली असती.