अंगणात लाकडावरची पिझ्झा भट्टी: ६० हजारांत बसेल का? (नागपूर)

बेसा_वाला:
नमस्कार मंडळी. बेसा रोडला घर आहे, मागं १२ बाय १५ फुटांचं अंगण रिकामं पडलंय. दिवाळीत भाचरं आली होती, तेव्हा घरच्या ओव्हनमध्ये पिझ्झा केला. वरून चीज करपलं, खालून पोळी कच्ची. तेव्हापासून डोक्यात भट्टीचं खूळ शिरलंय. बाग सजवून देणाऱ्या एकाला विचारलं तर त्यानं १ लाख ४० हजार सांगितले. त्यात दगडी फरशी लावलेला बाहेरचा भाग, खाली रंगीत दिवे आणि बसायला ओटा. बाप्पा! माझी झेप ६० हजारांची, फार ताणलं तर ७०. मिस्त्री ओळखीचा आहे, पण त्यानं आजवर तुळशी वृंदावनापलीकडे गोल काही बांधलेलं नाही. विटा कोणत्या घेऊ, आकार केवढा ठेवू, आणि कुठं पैसे वाचवू नयेत, एवढं सांगा. आईचा प्रश्न वेगळाच आहे: "महिन्यातून किती वेळा पेटवशील ते आधी सांग."

तर्रीपोहा:
आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या भाऊ, मग आमचं घ्या.

गच्चीवरून:
मला पण करायची आहे, पण गच्चीवर. चालेल का?

मोजपट्टी:
गच्चीवाले भाऊ, नका करू. फक्त आतल्या विटाच पाचसहाशे किलो होतात, त्याखाली स्लॅब, ओटा आणि वरचा गिलावा धरला की सगळं दोन टनांच्या घरात जातं. तेही चार-पाच फुटांच्या चौकोनात. तुमच्यासाठी स्टीलची सुटी भट्टी बरी, पंचवीस-तीस हजारांत येते, वीस मिनिटांत तापते. एका वेळी एकच १२ इंची पिझ्झा होतो, पण घर तरी उभं राहतं.

बेसावाले, तुम्हाला पहिला प्रश्न: जमीन कशी आहे? काळी असेल तर माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसत्या विटा रचून ओटा केला तर दुसऱ्या पावसाळ्यात तो एका बाजूला बसतो आणि घुमट उभा चिरतो. मुरूम लागेपर्यंत खणा. दोन-अडीच फुटांत लागला नाही तर तेवढी काळी माती काढून टाका आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून ठोकून भरा. वर सळ्या टाकलेली काँक्रीटची पाटी, ओट्यापेक्षा सगळीकडून सहा इंच मोठी. कंपाउंडच्या भिंतीला अजिबात जोडू नका. भिंत वेगळी हलते, भट्टी वेगळी हलते, आणि मग शेजाऱ्याशी बोलणं होतं ते वेगळंच.

ओट्याच्या भिंतींना कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या विटा चालतील. आत घुमटाला मात्र एकही नको.

दुसरी_भट्टी:
माझं नावच सांगतंय. पहिली भट्टी मी चुकवली, आता दुसरी तीन वर्षं वापरून राहिले आहे. त्यामुळे जरा लांब लिहिते, दादा.

पहिल्या वेळी मी सगळा पैसा दिसण्यावर घातला. निळ्या टाइल्सचे तुकडे लावलेला घुमट होता, फोटो काय सुंदर येत! पण तळाच्या विटा थेट काँक्रीटवर बसवल्या होत्या, मध्ये नुसती वाळू. पहिला पिझ्झा दीड मिनिटात, दुसरा तीन मिनिटांत, तिसऱ्याची खालची बाजू पांढरीफटक. सगळी उष्णता खालच्या स्लॅबमध्ये मुरत होती. चार तास लाकडं जाळली तरी तेच. शेवटी नवऱ्यानं तिच्यात कुंड्या ठेवल्या.

तेव्हा पैसे वाचवू नये अशी जागा एकच, ती म्हणजे उष्णता अडवणारा थर, खालून आणि वरून. खाली ५० मिलिमीटरची कॅल्शियम सिलिकेटची पाटी मिळाली तर उत्तम. नाहीतर पर्लाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते हलके पांढरे दाणे) पाच घमेली, सिमेंट एक घमेलं, पाणी बेतानं, असा चार इंचांचा थर द्या. पर्लाइट रोपवाटिकेत मिळतं, पण छोट्या पिशवीत महाग पडतं, मोठं पोतं मागा. वरून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. तुमच्या घुमटाचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण पावणेदोन चौरस मीटर होईल. एक इंच जाडीचा एक रोल साडेचार चौरस मीटर भरतो, म्हणजे एका रोलमध्ये दोन थर कसेबसे बसतात. तीन थर हवे असतील तर दोन रोल घ्या, उरलेल्याचं दार करा. ते हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि चांगला मास्क घालाच. त्याची कुसं अंगाला खाजवतात ते सोसवतं, छातीत गेलेली काढता येत नाहीत.

आकार: आतला व्यास ८० सेंटिमीटर. त्यात बाजूला जाळ ठेवून दोन पिझ्झे आरामात फिरतात. मोठी बांधायचा मोह होतो, पण मोठी भट्टी तापायला लाकूड आणि वेळ दोन्ही जास्त खाते, आणि तुमच्याकडे दर रविवारी चाळीस माणसं येणार नाहीत. घुमटाची आतली उंची ४० ठेवली तर दाराची उंची २५. हे प्रमाण बदलू नका. दार उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असलं की ताजी हवा खालून आत जाते आणि धूर वरून बाहेर येतो. दार उंच केलं तर उष्णता पळते, बुटकं केलं तर जाळ गुदमरतो. धुराडं घुमटाच्या माथ्यावर नसतं, दाराच्या बाहेर पुढं असतं. माझ्या मिस्त्रीनं हट्टानं माथ्यावर भोक पाडलं होतं, "धूर वरच जाते ना ताई" म्हणे.

तर्रीपोहा:
मिस्त्रीचं लॉजिक चूक नाही, भट्टीचं चूक आहे.

भट्टीतला_माणूस:
हिंगण्याच्या एमआयडीसीत फाउंड्रीत बरीच वर्षं काढली, तेव्हा विटांचं मी सांगतो. ताईंचं बाकी सगळं बरोबर आहे.

दुकानात गेलात की "फायर ब्रिक" म्हणा, म्हणजे समोरच्याला कळतं. पिझ्झाला साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर जायचं नाही, तेव्हा तीस-पस्तीस टक्के ॲल्युमिनाची वीट पुष्कळ झाली. साठ-सत्तर टक्केवाली जास्त पैसे घेऊन गळ्यात मारतील, ती उष्णता इतक्या जोरानं सोडते की पिझ्झाचा तळ जळतो. नऊ बाय साडेचार बाय तीन इंची वीट. घुमटाला अर्ध्या करून लावायच्या, तळाला अख्ख्या. हिशेब केला तर घुमट, तळ आणि दाराची कमान मिळून १३० लागतील, तुटफूट धरून १५० घ्या. मागच्या वर्षी मी भाच्यासाठी घेतल्या तेव्हा ४० रुपयांनी पडल्या, गाडीभाडं वेगळं. जुन्या भट्टीतून निघालेल्या विटा स्वस्त मिळतील म्हणून कोणी आणून देईल. घेऊ नका. त्यात काय वितळलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्यावर तुम्ही जेवणार.

विटा कापायला ग्राइंडर लागतो, आणि डायमंड चकती दोन तरी. कापण्याआधी भिजवा, धूळ कमी उडते.

सांध्याला नुसतं सिमेंट नको, तीनशे अंशांच्या पुढं ते भुसभुशीत होत जातं. वाळू ३, सिमेंट १, चुना १, फायरक्ले (भट्टीची माती) १. सांधा जितका बारीक तितका चांगला. आणि घुमटाला साचा हवा म्हणून सुताराकडं जाऊ नका. ओल्या वाळूचा अर्धगोल ढीग करा, त्यावर ओलं वर्तमानपत्र चिकटवा, त्यावर विटा रचा. तीन-चार दिवसांनी दारातून वाळू उपसून काढा. लहानपणी पायावर वाळू थापून घर करायचो, तसंच हे.

धुराडं लोहा ओळीत, म्हणजे आपल्या लोखंड बाजारात, बनवून मिळेल. सहा इंची पाइप, तीन फूट उंच, वर टोपी. जीआयचा पाइप देतील, तो नका घेऊ. जस्ताचा थर तापला की विषारी धूर सोडतो. साधा काळा लोखंडी किंवा स्टीलचा घ्या.

बेसा_वाला:
हे तर खजिनाच निघाला! जमीन काळीच आहे, मोजपट्टी सर. ताई, तुमच्या आणि काकांच्या लिहिण्यावरून कागदावर मांडून पाहिलं. खोदाई, मुरूम, पाटी आणि ओटा १८ हजार. विटा गाडीभाड्यासकट ७. ब्लँकेट दोन रोल ६, पर्लाइटचं पोतं ३. धुराडं ४. चुना, फायरक्ले, चकत्या, जाळी ४. मिस्त्री आणि मजूर आठ दिवस, १२ ते १३. म्हणजे ५५ हजारांत बसतंय, पाच हजार अडीअडचणीला. मग तो १ लाख ४० वाला काय देत होता?

तर्रीपोहा:
दिवे.

मोजपट्टी:
खोदाईचा आकडा कमी धरलाय. मुरूम लवकर लागला नाही तर तो २५ होईल. त्या पाच हजारांना आताच हात लावला समजा. आणि वरती टिनाचं शेड धरलंच नाही. नागपुरात जूनच्या मध्यापासून जो पाऊस सुरू होतो त्यात उघडी भट्टी स्पंजसारखी पाणी पिते. शेड आता नाही जमलं तर निदान जाड ताडपत्री घ्या.

दुसरी_भट्टी:
तापमान मोजायची बंदूक राहिली. स्वस्तातल्या ३८० अंशांवर दम टाकतात. ५०० च्या वर वाचणारी घ्या. नेपल्सचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो तो तळ सव्वाचारशेच्या आसपास असतो म्हणून. बंदूक नसली तरी एक खूण आहे: आधी घुमट आतून काजळीनं काळाकुट्ट होतो, मग ती काजळी जळून तो पुन्हा पांढरा पडतो. पांढरा झाला की अजून थोडा वेळ थांबायचं, मग निखारे बाजूला सारायचे. मला एवढ्यासाठी दीड-पावणेदोन तास आणि दहा-बारा किलो लाकूड लागतं.

संत्र्याची_बाग:
लाकडाचं मी बोलतो. काटोलकडं आमची संत्र्याची बाग आहे. बहार तोडून झाला की झाडांची सल काढतात, म्हणजे वाळलेल्या फांद्या. पेटवायला सोन्यासारखी. जाड लाकूड हवं तर कोणी जुनी बाग काढत असेल त्याच्याकडं विचारा, संत्र्याचं लाकूड घट्ट असतं, निखारा टिकतो. नाहीतर बाभूळ, वर्षभर वाळलेली. लकडगंजच्या आरा मशीनवरून तुकडे आणणार असाल तर प्लायवूड, पॉलिश किंवा रंग लागलेलं एकही उचलू नका. आणि अंगणातलं ओलं झाड तोडून जाळायच्या भानगडीत पडू नका, महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष कायदा आहे.

गच्चीवरून:
पण अशा भट्ट्यांवर बंदी आली ना? मुंबईचं वाचलं होतं.

मोजपट्टी:
ते २०२५ मधलं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबई महापालिकेनं बेकऱ्या आणि हॉटेलांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला लावल्या. घरच्या अंगणात महिन्यातून दोनदा पेटणारी भट्टी म्हणजे ते नव्हे. पण शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा कायदा त्याहून कडक असतो. थंडीत संध्याकाळी धूर वर जात नाही, खालीच रेंगाळतो. वाळलेलं लाकूड वापरा, आणि पहिला पिझ्झा शेजारी पोचवा.

भट्टीतला_माणूस:
एक राहिलं. बांधून झाली की लगेच जाळ करू नका. विटांत आणि सांध्यांत पाणी असतं, त्याची वाफ झाली की सांधे फुटतात. आठवडाभर सावलीत ओली पोती टाकून ठेवा, मग दहा दिवस वाळू द्या, मग रोज थोडा थोडा जाळ: पहिल्या दिवशी शंभर अंश, दुसऱ्या दिवशी दीडशे, असं चढत जा. बाहेरच्या गिलाव्यात वाफ जायला एक छोटं भोक ठेवा. काम मार्चच्या आत उरका. मे महिन्याच्या ४५ अंशांत सिमेंट पाणी मागतं आणि मिस्त्री सुट्टी.

बेसा_वाला:
उशीर झाला, पण कळवायचं होतं. मुरूम तीन फुटांवर लागला, मोजपट्टी सर जिंकले. आतापर्यंत ६३ हजार झाले, शेड अजून बाकी आहे. वाळू उपसताना सगळ्यांनी श्वास रोखला होता, घुमट जागच्या जागी. काल चौथा जाळ झाला, अडीचशे अंश. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी एक चीर दिसते.

आणि आईनं पिझ्झाची वाटच पाहिली नाही. जाळ उतरल्यावर आत पांढरी वांगी ठेवली भरताची आणि मागून रोडगे, म्हणजे जाड कणकेचे भाजलेले गोळे. गोवऱ्यांवरच्यासारखे झाले नाहीत म्हणते, पण आज सकाळी मला न विचारता कणीक जाडी दळून आणली आहे.

ती चीर भरू का राहू देऊ?

भट्टीतला_माणूस:
राहू द्या. गरम असताना उघडते, थंड झाली की मिटते. पूर्ण तापून दोन-तीनदा झाली की मग चुन्यानं भरा. रोडग्यांना तळ तीनशेच्या खाली हवा, आईंना बंदूक देऊन ठेवा.