शब्दचर्चा : 'फिजिकल लिटरसी' मराठीत आणि चिनीत

प्रश्न : लहान मुलांची 'फिजिकल लिटरसी' तपासणारी प्रश्नावली चिनी बोलणाऱ्या मुलांसाठी कशी बदलली, हे वाचतेय. चिनीत या एका संज्ञेला दोन प्रतिशब्द दिसले. मराठीत 'शारीरिक साक्षरता' चालेल का?

उत्तर : चिनीतले ते दोन शब्द म्हणजे 'शनथी सूयांग' आणि 'थीयू सूयांग'. 'सूयांग'मध्ये अक्षरओळख नाही. त्यातल्या 'यांग'चा अर्थ जोपासणं, वाढवणं. म्हणजे अंगी बाणवलेला गुण. 'फिजिकल लिटरसी'ची संकल्पना मांडणाऱ्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांची मूळ कल्पना अशीच आहे. हालचालीचं कौशल्य, आवड, आत्मविश्वास, समज आणि आयुष्यभर हालतं-खेळतं राहण्याची जबाबदारी, हे सगळं त्यात येतं.

वाद पहिल्या पदाचा. 'शनथी' म्हणजे शरीर. 'थीयू' म्हणजे शारीरिक शिक्षण, क्रीडा. शाळेतल्या पीटीच्या तासालाही हाच शब्द. चीनमध्ये नववीनंतरच्या 'चोंगखाओ' परीक्षेत पीटीचे गुण धरतात. पालकांना 'थीयू' ऐकून धावण्याची वेळ नि गुणपत्रिका आठवली तर नवल काय? अंगणात मनाजोगतं हुंदडणं त्यात कुठे बसणार? म्हणून मला 'शनथी'च योग्य वाटतो.

मुलापुढे मात्र यातला कुठलाच शब्द येऊ नये. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या आणि चिनीतही आणलेल्या 'पीएल-सी क्वेस्ट' या मुलांच्या प्रश्नावलीत ३० बाबी आहेत. प्रत्येकीत सशांची दोन चित्रं : एकाला ती गोष्ट छान जमते, दुसऱ्याला तितकीशी नाही. मूल आधी आपल्यासारखा ससा निवडतं, मग 'थोडासा' की 'अगदी' माझ्यासारखा, ते सांगतं. भाषांतराचा कस या छोट्या वाक्यांत लागतो. 'ठिकाणाशी नातं' ही त्यातली एक बाब. ती शब्दाला शब्द ठेवून विचारली तर आठ वर्षांचं पोर काय उत्तर देणार? 'इथे खेळताना तुला कसं वाटतं?' हे त्याला कळतं.

त्यात हाँगकाँगमध्ये लिपी पारंपरिक आणि मुलांच्या तोंडी कँटोनीज, तर मुख्य भूमीवर लिपी सोपी केलेली. छापलेलं वाक्य आणि शिक्षक मोठ्याने वाचतील ते वाक्य एकच असेल असं नाही. चिनी वाक्य पुन्हा इंग्रजीत आणून केलेलं 'उलट-भाषांतर' मुळाशी जुळलं, तरी तेवढ्यावर थांबू नये. 'हे तुझ्या शब्दांत सांग' असं मुलांनाच विचारायला हवं.

मराठीत 'अर्थसाक्षरता', 'संगणक साक्षरता' रुळलेत, त्यामुळे अहवालात 'शारीरिक साक्षरता' खपेल. पण ऐकणाऱ्याला ती शरीराची माहिती वाटते. मी 'हालचालींची जाण' सुचवेन.

प्रश्न : 'जाण' म्हटल्यावर आवड आणि आत्मविश्वास सुटत नाहीत का?

उत्तर : आत्मविश्वास सुटतो, खरं आहे. 'सूयांग'इतका ऐसपैस शब्द मला अजून सापडलेला नाही. कुणाला सुचला तर जरूर लिहा.