"लेट्स टेबल दिस" म्हणजे आत्ता बोलायचं की नंतर? इंग्रजी वाक्प्रचारांसाठी मदत हवीये

हिंजवडी_टेस्टर:
नमस्कार मंडळी. माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, मग इंजिनिअरिंग, आता चार वर्षं पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. ईमेल, रिपोर्ट सगळं नीट जमतं, पण कॉलवर समोरची माणसं जे वाक्प्रचार सहज बोलून जातात तिथे माझी गाडी अडते. मागच्या आठवड्यात शिकागोच्या मॅनेजर एका मुद्द्यावर "लेट्स टेबल दिस" म्हणाल्या, मला वाटलं टेबलावर घेऊया म्हणजे चर्चेला घेऊया, टीममधल्या बाकीच्यांनाही तसंच वाटलं, म्हणून आम्ही तिघं रात्री दीडपर्यंत बसलो, अकरा स्लाइड्स केल्या आणि दुसऱ्या दिवशी उघडल्या तर त्या म्हणाल्या हा विषय तर आपण बाजूला ठेवला होता ना. ओरडल्या वगैरे नाहीत, पण आमच्या ज्युनिअर मुलाचा चेहरा एवढासा झाला, त्याचं फार वाईट वाटलं. गंमत म्हणजे आमचा मँचेस्टरचा क्लायंट हेच वाक्य म्हणतो तेव्हा तो खरंच लगेच चर्चा सुरू करतो! मी पाचशे वाक्प्रचारांची एक पीडीएफ पाठ केलीये, कॉलवर त्यातलं काहीच कानावर पडत नाही. हे शिकायचं तरी कसं?

एडिसनकर:
ताई, तुमची चूक नाहीये. हा शब्द अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चक्क उलट्या अर्थाने चालतो. आपल्या विधानसभेत "अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला" म्हणतात ना, तो ब्रिटिश अर्थ, म्हणजे सर्वांसमोर मांडला. तुमच्या डोक्यात तोच आला, आणि तो आपल्याकडे बरोबरच आहे. अमेरिकेत मात्र टेबल करणं म्हणजे तूर्तास बाजूला ठेवणं, आणि बऱ्याचदा सरळ बासनात गुंडाळणं. तुम्ही एकट्या नाही, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी याच एका शब्दावरून भांडले होते. चर्चिलने युद्धाच्या आठवणींत लिहिलंय की ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते टेबल करू म्हणाले, अमेरिकन समजले हे ड्रॉवरमध्ये टाकून विसरायला निघालेत, बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांना हवं होतं एकच.

असाच अजून एक, "मूट पॉइंट". ब्रिटनमध्ये त्याचा मूळ अर्थ वादाचा मुद्दा, ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. इथे अमेरिकेत कोणी "दॅट्स मूट" म्हणालं तर समजा की आता त्यावर बोलण्यात अर्थच उरला नाही. मीटिंगमध्ये हा शब्द आला की बोलणारा कुठला आहे ते आधी बघा.

लीड्सची_सून:
पीडीएफबद्दल अगदी पटलं. मी इथे आले तेव्हा शाळेत शिकलेलं "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" वापरायला टपून बसले होते, आणि पावसाला तर इथे काही कमी नाही. पण सहा वर्षांत माझ्या शेजारच्या आजींच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नाही. त्या खिडकीतून बघतात आणि म्हणतात "इट्स चकिंग इट डाउन", आपण कोसळतोय म्हणतो ना, तसं. पुस्तकातला वाक्प्रचार चुकीचा नसतो हो, तो फक्त घराबाहेर पडायचा थांबलेला असतो.

आणि एक, "पिंच ऑफ सॉल्ट" माझ्या डोक्यात बरेच दिवस उलटाच बसला होता. कारण आपल्याकडे सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो, इंग्रजीत मात्र ऐकणारा चिमूटभर मीठ घेतो, म्हणजे ऐकलेलं सगळंच खरं मानत नाही. मी एकीला म्हणाले की ती प्रत्येक गोष्ट मीठ घालून सांगते, समोरची नुसती बघत राहिली. मराठीतलं मीठ इकडे आणायचं नाही, हे तेव्हा कळलं.

सांगलीच्या_बाई:
मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे यातला थोडा दोष आमच्याकडे येतो हे मान्य करते. आम्ही वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग असे तीन रकाने आखून देतो, मुलं पाठ करतात आणि पेपरात मार्क मिळतात. पण कोण कोणाला म्हणतंय, कुठल्या मूडमध्ये, हा चौथा रकाना कधी आखलाच नाही. "बाइट द बुलेट" म्हणजे नाइलाज आहे म्हणून दातओठ खाऊन अवघड काम उरकणं, हे मुलांना येतं. पण मुलगी नोकरीला लागल्यावर साहेब हे वाक्य बोलतात तेव्हा ते तिला धीर देतायत की काम गळ्यात मारतायत, ते रकान्यातून कळत नाही.

बाळा, तू एक कर. ती पीडीएफ ठेवून दे आणि कॉलच्या वेळी एक छोटी वही जवळ ठेव. जे ऐकलंस ते जसंच्या तसं मराठी अक्षरांत लिहिलंस तरी चालेल, शेजारी बोलणारा कुठला, आणि खाली पुढे प्रत्यक्ष काय झालं ते लिही. टेबल म्हणाले आणि विषय बदलला, एवढी एक ओळ पुरते. आठवड्याला तीनचार जमले तरी खूप. आणि शंका आली तर तिथल्या तिथे विचार, त्यात कसलाही कमीपणा नाही.

हिंजवडी_टेस्टर:
बाई, खरंच मनापासून थँक्यू, वही आणली. दादा, अजून एक विचारू का, आज त्याच मॅनेजरना आमच्या टीमच्या ऑनलाइन गेट-टुगेदरला बोलावलं तर "कॅन आय टेक अ रेन चेक" म्हणाल्या. हा नकार आहे का?

एडिसनकर:
आजचा नकार आहे, पण दार बंद केलेलं नाही. हे बेसबॉलमधून आलंय, १८८० च्या दशकात पावसाने मॅच बुडाली की प्रेक्षकाला तिकिटाच्या उरलेल्या तुकड्यावर पुढची मॅच बघू द्यायचे, तो तुकडा म्हणजे रेन चेक. पुढच्या महिन्यात परत बोलवा, फक्त तारीख त्यांनाच विचारा. आणि जाता जाता, त्यांच्यासमोर "मी २०२० ची पासआउट" म्हणू नका, त्यांना वाटेल तुम्ही चक्कर येऊन पडलात. ग्रॅज्युएट झाले म्हणा.

हिंजवडी_टेस्टर:
अरे देवा, हे तर मी पहिल्याच ओळखीच्या कॉलवर म्हणाले होते, आणि त्या काळजीने म्हणाल्या होत्या "ओह नो, आर यू ओके नाऊ?" मला आत्ता कळतंय. वहीत पहिली नोंद हीच करते.